इंग्रजी अमदानीतला हिवताप : गटारं कुणाला, क्विनाईन कुणाला?

वाळूघड्याळ

२० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादच्या लष्करी इस्पितळात रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. हुसेन खान नावाचा रुग्ण, त्याला चावायला सोडलेले डास, एका डासामागे एक आणा मोबदला. त्यानंतर काय झालं ते फारसं सांगितलं जात नाही. महिनाभरात सरकारने रॉसची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला केली. तिथे त्याच्या कामाला पुरेल एवढा हिवतापच नव्हता. लंडनहून त्याचा मार्गदर्शक डॉक्टर पॅट्रिक मॅन्सनने खटपट केली, तेव्हा कुठे १८९८ मध्ये त्याला कलकत्त्यात या कामासाठी म्हणून बसवलं, आणि तिथे त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून डासाच्या चाव्यातून रोग पसरतो हे दाखवून दिलं.

एकदा हे कळल्यावर सरकारने केलं काय, यावर हा धागा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. ताप कसा रोखायचा याची माहिती सरकारकडे बऱ्यापैकी होती. तो कुणासाठी रोखायचा, हे मात्र तिजोरीने ठरवलं. छावणी, बंदर, रेल्वे, मळे इथे भराव, गटारं आणि जाळ्या. खेड्यापाड्यांना पोस्टात मिळणारी क्विनाईनची, म्हणजे हिवतापावरच्या औषधाची पुडी.

मियाँमीरपासून सुरू करतो. लाहोरजवळची ही छावणी कालव्याच्या पाण्यावर हिरवीगार केलेली होती. बंगल्यांच्या बागांना पाटाचं पाणी, आणि पाटात अॅनॉफिलिसच्या, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या अळ्या. १९०२च्या सुमारास क्रिस्टोफर्स आणि जेम्स या दोन डॉक्टरांनी तिथे डासांची पैदास थांबवायचा प्रयोग सुरू केला. खड्डे बुजवले, पाट साफ केले, साठलेल्या पाण्यावर रॉकेल ओतलं. ताप काही हटेना. डास बाहेरून येतच राहतात, असा निष्कर्ष निघाला. तिकडे विलायतेत रॉस संतापला. एवढ्याशा जागेत, एवढ्याशा खर्चात केलेल्या कामावरून काहीच सिद्ध होत नाही, हे त्याचं म्हणणं. १९०९ मध्ये सिमल्याला हिवताप परिषद भरली, तिथे हाच वाद रंगला आणि शेवटी भर पडला तो क्विनाईन वाटण्यावर आणि आणखी संशोधनावर. मला तरी हीच खरी कलाटणी वाटते. पुढे बरीच वर्षं कुणी गटारांसाठी पैसे मागितले की मियाँमीरचा दाखला पुढे केला जाई.

आता मुंबई. खरं तर मला थांबायचंय ते इथे.

१९०८च्या आसपास फोर्ट आणि गोदीच्या भागात ताप फार वाढला. अलेक्झांड्रा गोदीचं बांधकाम चालू होतं, परगावचे मजूर मोठ्या संख्येने वस्तीला होते. तपासाचं काम चार्ल्स बेंटली या डॉक्टरकडे आलं आणि १९११ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. त्याची पद्धत साधी होती. शाळेतल्या मुलांची पोटं चाचपायची आणि किती जणांची पाणथरी (प्लीहा, हिवतापात सुजणारा पोटातला अवयव) वाढली आहे ते मोजायचं. मग त्या मुलांच्या वस्तीत जाऊन पाणी बघायचं. मुंबईच्या तापाचं खापर सगळे दलदलीवर फोडत होते. बेंटलीला अळ्या सापडल्या त्या घरच्या विहिरींत. चौकातल्या, जिन्याखालच्या, देवळाच्या आणि अग्यारीच्या आवारातल्या. अॅनॉफिलिस स्टिफेन्सी हा तो डास. लिस्टन या डॉक्टरने १९०१ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. याला घाण पाणी नको असतं. स्वच्छ, संथ, सावलीतलं पाणी त्याला मानवतं.

यातली मेख अशी की १८६०त विहार तलावाचं पाणी नळाने आलं, १८९२त तानसाचं आलं, आणि ज्या विहिरींतून दिवसभर पोहरे वरखाली व्हायचे त्या निपचित पडल्या. उपसा थांबला, पाणी स्थिर झालं. शहर जसं सुधारत गेलं तशी या डासाला घरबसल्या जागा मिळत गेली.

पालिकेने फतवा काढला की विहीर बुजवा, नाहीतर पक्कं झाकण बसवा. मोठा विरोध झाला. पारशी कुटुंबांना विधींसाठी उघड्या विहिरीचं पाणी लागे, हिंदूंच्या पूजेअर्चेचं तेच. कित्येक विहिरींत देवाचं नाहीतर पिराचं ठाणं मानलेलं. शेवटी विधींसाठी जाळीच्या दाराचं झाकण चालवून घेण्याची तडजोड पुढे आली. पालिकेत सचिव असलेल्या रुस्तम पेस्तनजी मसानींनी याच वादातून विहिरींच्या लोकसमजुती गोळा केल्या आणि १९१८ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

अहवालवाल्यांच्या भाषेत हे सगळं ‘अडाणी विरोध’ या खात्यात जमा होतं. मला ते पटत नाही. त्याच शहरात दहा-बारा वर्षांपूर्वी प्लेगच्या नावाखाली सरकारी लोक घरात शिरले होते, माणसं उचलून इस्पितळात नेली होती, सामान जाळलं होतं. पुण्यात त्याचं पर्यवसान १८९७ मध्ये रँडच्या खुनात झालं. त्याच सरकारचा माणूस पुन्हा दारात उभा राहून विहिरीत डोकावतो, आणि वर झाकणाचा खर्च घरमालकाने करायचा! लोकांनी अविश्वास दाखवला यात नवल ते काय? बेंटलीचं विज्ञान चोख होतं, पण ते सांगणाऱ्यावर विश्वास नव्हता.

तुमच्याकडे यातलं काही वाचलेलं, ऐकलेलं असेल तर जरूर लिहा.

---

गिरगावचा_विनायक

लेख फार आवडला. आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात विहीर आहे. लोखंडी चौकट, त्यावर बारीक जाळी आणि मधोमध पोहरा जाईल एवढंच बिजागरीचं दार. लहानपणी आम्हाला वाटायचं की कुणी पोर आत पडू नये म्हणून ही जाळी. आजोबा सांगायचे, ‘डासांसाठी बसवलीय ती, दार उघडं टाकाल तर मार खाल.’ आज तुमच्या लेखामुळे त्यामागचा इतिहास कळला.

आता चाळीचा सेक्रेटरी म्हणून दर पावसाळ्याआधी गच्चीवरच्या टाक्यांचं बघावं लागतं. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं येतात, शिडी लावून वर चढतात, झाकण घट्ट बसतं का, पाइपाच्या तोंडाला जाळी आहे का ते बघतात. बॅटरी मारून पाण्यात अळ्या शोधतात. झाकण-जाळी नीट नसेल तर नोटीस. म्हणजे विहिरीच्या जागी टाकी आली, डास तोच राहिला.

चर्चगेटजवळची भिका बेहरामची विहीर १७२५ सालची. पारशी लोक आजही तिथे प्रार्थनेला येतात. एवढ्या धामधुमीतून ती वाचली याचा मला आनंद आहे.

---

काळाफळा

वाळूघड्याळ, मुंबईचा भाग उत्तम, पण ‘तिजोरीने ठरवलं’ हे विधान एकांगी वाटतं. बंगालमध्ये १८९२पासून पोस्टात पैशाला एक क्विनाईनची पुडी मिळायची. पुढे इतर प्रांतांतही ती सोय झाली. नीलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपूला सरकारने स्वतः सिंकोनाची, म्हणजे ज्याच्या सालीतून क्विनाईन निघतं त्या झाडाची लागवड केली, कारखाने घातले. एवढ्या मोठ्या देशात गावोगाव गटारं खणणं त्या काळी कुणालाही शक्य नव्हतं. जे पोचवता येत होतं ते औषध पोचवलं. हे श्रेय द्यायला काय हरकत आहे?

---

वाळूघड्याळ

काळाफळा, पुडीचं श्रेय देतोच. पण ती पुडी पोचली किती आणि घेतली कुणी? सैनिकाला रांगेत उभं करून, अधिकाऱ्यादेखत क्विनाईन गिळायला लावत. शेतकऱ्याने मात्र तापाने फणफणलेला असताना उठून पोस्ट गाठायचं आणि पैसा मोजायचा. एका पुडीने ताप उतरतो, हिवताप जात नाही.

पंजाबचं १९०८ साल बघा. जोरदार पाऊस झाला आणि शरदात तापाची अशी लाट आली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन लाखांच्या वर माणसं गेली. अमृतसरसारखं शहर ठप्प झालं. क्रिस्टोफर्सनेच याचा अभ्यास केला, तोच मियाँमीरचा क्रिस्टोफर्स. १९११च्या अहवालात त्याने पावसाच्या जोडीला धान्याचे भाव धरले. भाव चढलेल्या वर्षी तोच ताप कितीतरी जास्त माणसं मारतो, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. म्हणजे उपाशी माणूस हिवतापाने आधी मरतो, हे सरकारच्याच डॉक्टरने सरकारला लिहून दिलं. त्यावर धान्याच्या बाबतीत काय केलं? वाटली पुन्हा क्विनाईनच.

---

आंबेमोहर

क्विनाईन इथे पिकत होतं तर १९४०च्या दशकात त्याची एवढी टंचाई का झाली? आजीकडून ऐकलंय की युद्धाच्या काळात कोयनेल मिळता मिळत नव्हतं.

---

पाणथळ

आंबेमोहर, भारतात पिकायचं ते देशाच्या गरजेच्या मानाने थोडंच होतं. जगाचं क्विनाईन जावामधून यायचं. १८६५ मध्ये चार्ल्स लेजर नावाच्या व्यापाऱ्याकडचं दक्षिण अमेरिकेतलं बी डच सरकारने विकत घेतलं. त्या झाडांच्या सालीत क्विनाईनचं प्रमाण भरपूर निघालं. पुढे बाजारच डचांच्या हातात गेला, भाव अॅम्स्टरडॅममध्ये ठरू लागले. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि नळच बंद झाला. उरलासुरला साठा आधी फौजेला.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मला जास्त जवळची. हिवताप रोखण्याआधी सरकारने तो पसरवला कसा, ती. यमुनेच्या कालव्यांकाठी ताप वाढतो अशी तक्रार १८४०च्या दशकातच होती. चौकशी समितीतल्या डेम्पस्टर या डॉक्टरने गावोगावच्या मुलांच्या पाणथऱ्या तपासल्या. बेंटलीने मुंबईत वापरली ती पद्धत इथली. डासाचा कुणाला पत्ताही नव्हता, दोष दूषित हवेला दिला गेला, पण कालवा, साठलेलं पाणी आणि सुजलेली पाणथरी यांचं नातं रॉसच्या पन्नास वर्षं आधी कागदावर आलं होतं. कालव्याला निचऱ्याचे चर हवेत, हे तेव्हाच कळलेलं. पण पाण्याच्या पाळीतून महसूल मिळतो, निचऱ्याच्या चरातून दमडी मिळत नाही. चर मागेच पडले. हा प्रश्न आजही सुटलेला नाही, आपल्याकडच्या लाभक्षेत्रांत खारावलेल्या जमिनी बघून या.

बंगालात तर रेल्वेने कहर केला. १८६०च्या दशकात बर्दवानकडे तापाने गावं ओस पडू लागली, तेव्हा दिगंबर मित्र यांनी सांगितलं होतं की रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या भरावांनी पाण्याचा निचरा अडलाय. त्यांना मोडीत काढलं गेलं. आणि गंमत म्हणून नाही, विषादाने सांगतो, पुढे हेच म्हणणं मांडणारा माणूस म्हणजे तुमचा मुंबईचा बेंटली. तो बंगालच्या आरोग्य खात्याचा संचालक झाला. भराव आणि बांध यांनी पुराचं गढूळ पाणी शेतात पसरायचं थांबलं, त्यामुळे जमीन नापीक झाली आणि डासही वाढले, हे त्याने १९२५ मध्ये सविस्तर लिहिलं. पुराचं पाणी परत शेतात घ्या, हा त्याचा उपाय. रेल्वे आणि सरकार यांच्या गळी तो काही उतरला नाही. विहिरींवर झाकणं लावायला सांगणारा बेंटली सगळ्यांना आठवतो. भरावांत मोऱ्या वाढवा म्हणणाऱ्या बेंटलीचं कुणी ऐकलं नाही, कारण आता खर्च घरमालकाचा नव्हता, रेल्वेचा होता.

---

बेटावरची

मी बरीच वर्षं मॉरिशसमध्ये राहिले, म्हणून तिथलं लिहिते. हा धागा वाचताना सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं.

या बेटावर हिवताप मुळात नव्हताच. १८३४पासून उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर आणले गेले. बिहारी, तमिळ, तेलुगू आणि आपल्या रत्नागिरीकडचे मराठीसुद्धा. जहाजांची ये-जा वाढली, जंगल तोडून ऊस लावला, आणि १८६०च्या दशकात माणसांबरोबर परजीवी आणि त्याला वाहून नेणारे डास दोन्ही येऊन ठेपले. १८६७ मध्ये साथीचा कळस झाला. त्या एका सालात बेटाच्या लोकसंख्येतला जवळपास दहावा हिस्सा गेला. पोर्ट लुईतले पैसेवाले गोरे उठून क्यूरपीपच्या थंड पठारावर राहायला गेले. गिरमिटियांना करारामुळे मळा सोडून जाता येत नव्हतं, ते किनाऱ्यालगतच्या उष्ण भागातच राहिले. आजही तिथल्या वस्त्यांची मांडणी बघितली तर त्या साथीची छाप दिसते.

१९०७च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने रॉसलाच तिथे बोलावलं. तो काही महिने राहिला, हजारो मुलांच्या पाणथऱ्या तपासून घेतल्या, ओढे आणि दलदली बघितल्या आणि १९०८ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार थोडंफार काम झालं. पण ताप खऱ्या अर्थाने गेला तो १९४९पासून बेटभर डीडीटी फवारल्यावर. दोन मुख्य डासांपैकी घरात वावरणारा फ्युनेस्टस नाहीसाच झाला. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेट हिवतापमुक्त म्हणून जाहीर केलं. १९७५ मध्ये जर्व्हेज वादळ आलं, पडझडीत पाणी साठलं, आणि ताप परतला. पुन्हा सगळी मोहीम राबवावी लागली.

म्हणून तिथे आजही डोळ्यांत तेल घालून पहारा असतो. भारतातून कुणी आलं की विमानतळावर पत्ता लिहून घेतात आणि नंतर आरोग्य खात्याचा माणूस घरी येतो. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा असाच एक जण दारात आला. नम्रपणे बसला, ताप-थंडी आहे का विचारलं, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला आणि सुटीचा दिवस असूनही पुढच्या घरी गेला. आईने त्याला चहा घ्यायला लावलाच. वाळूघड्याळ, तुम्ही विश्वासाचं म्हणालात ना, तो मला त्या माणसाच्या वागण्यात दिसला.

---

काळाफळा

बेटावरचीताई, मॉरिशसच्या त्या अहवालात एक फार मोलाची गोष्ट आहे. मी गणित शिकवतो, म्हणून राहवत नाही. तोवर सगळ्यांचा आक्षेप असा की सगळे डास मारणं अशक्य, एक जरी उरला तरी रोग राहणार. रॉसने हिशेब मांडला. एका रुग्णाला किती डास चावतात, त्यातले परजीवी तयार होईपर्यंत किती जगतात, त्यातले किती पुन्हा माणसाला चावतात. गुणाकार केल्यावर एक उंबरठा निघतो. डासांची संख्या त्या उंबरठ्याच्या खाली गेली की एका रुग्णामागे एकाहून कमी नवा रुग्ण तयार होतो आणि रोग आपसूक विझत जातो. शेवटचा डास मारायची गरजच नाही. करोनाच्या काळात रोज ऐकलेला ‘आर’ आकडा याच विचाराच्या कुळातला.

मियाँमीरच्या प्रयोगावर रॉस एवढा का चिडला, हेही यातून कळतं. उंबरठ्यापर्यंत न पोचता मध्येच थांबलं तर केलेला खर्च वाया गेल्यासारखाच दिसतो.

---

पाणथळ

अगदी बरोबर. आणि जिथे पैसे ओतले तिथे उंबरठा ओलांडलाही. मलायात माल्कम वॉटसनने १९०१पासून क्लांग आणि पोर्ट स्वेटनहॅम या गावांत दलदलींचा निचरा केला, भराव घातले, आणि ताप झपाट्याने उतरला. बंदर नुकतंच उघडलेलं, तापामुळे बंद पडायची वेळ आलेली, म्हणून निधी लगेच मिळाला. पुढे रबराच्या मळेवाल्यांनीही खर्च केला, कारण मद्रासकडून आणलेला मजूर मेला की त्यांचं नुकसान व्हायचं.

वॉटसनला एक विलक्षण गोष्ट दिसली. सपाटीवर जंगल तोडलं की हिवताप कमी होई, कारण तिथला डास सावलीतल्या पाण्यात वाढणारा. डोंगरात तेच केलं की वाढे, कारण तिथल्या डासाला उन्हातले झुळझुळ झरे हवे असत. मग त्याने डोंगरातले झरे जमिनीखाली नळ घालून वळवले. कोणत्या जातीचा डास ते आधी ओळखा आणि मग फावडं उचला, ही दृष्टी त्या भागातल्या इंग्रज आणि डच डॉक्टरांनी दिली. मुंबईत स्टिफेन्सी शोधून काढणाऱ्या बेंटलीचंही मोठेपण यातच आहे.

याउलट सिएरा लिओनमधलं फ्रीटाऊन. तिथे स्थानिक मुलांच्या रक्तात परजीवी असतो म्हणून गोऱ्यांनी लांब राहावं, असा सल्ला निघाला आणि १९०४ मध्ये डोंगरावर गोऱ्यांची वेगळी वसाहत बसवली. त्यांना वरखाली करायला रेल्वेसुद्धा घातली. लागोसचा गव्हर्नर मॅक्ग्रेगर याने मात्र अशा वेगळ्या वस्तीला नकार देऊन दलदल उपसण्यावर आणि क्विनाईनवर भर दिला. तेव्हा माणूस बदलला की धोरण बदलत होतं, हेही नोंदवायला हवं.

---

आंबेमोहर

क्विनाईनबद्दल धन्यवाद. डीडीटीचा विषय निघालाच आहे तर सांगते. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये, म्हणजे इंग्रज जायच्या बेतात असताना, कारवार-धारवाड भागात डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली खेड्यांतून घराघरांत डीडीटी फवारली गेली. त्यातून आलेला अनुभव पुढे देशभरच्या कामाला आला. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा अंदाज होता वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू. १९६५पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. १९७६ मध्ये पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले, हेही खरं.

माझे बाबा हिवताप विभागात होते. खाकी पिशवीत काचपट्ट्या, टोचायची सुई, कापूस, क्लोरोक्विनच्या गोळ्या. घरोघर ‘ताप आलाय का कुणाला?’ विचारत फिरायचे. फवारणी झाली की दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहायची. बायका म्हणायच्या, देवघर सोडा, शेणाने सारवलेल्या भिंतीवर ते पांढरं नको. बाबा आधी देवघर झाकून घ्यायचे, भांडी स्वतः बाहेर काढायला मदत करायचे, मगच पंप मारायचा. गावातल्या माणसाच्या पुढे उकिडवं बसून बोलायचं, उभ्याने हुकूम सोडायचे नाहीत, असा त्यांचा नेम होता.

---

गिरगावचा_विनायक

आंबेमोहर, बाबांना नमस्कार सांगा.

एक विचारायचंय. बेंटलीनंतर मुंबईत काय झालं? झाकणं बसली तर ताप कमी झाला का?

---

वाळूघड्याळ

विनायकराव, कमी झाला, पण सलग नाही. अंमलबजावणी ढिली पडली, नव्या इमारतींवर टाक्या वाढल्या, आणि १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांना पुन्हा सगळ्या मुंबईची पाहणी करावी लागली. गुन्हेगार तोच, स्टिफेन्सी. पुन्हा तेच उपाय, झाकणं आणि नेमाची तपासणी. गच्चीवर येणारी तुमची पालिकेची माणसं त्याच कामाचे वारसदार.

हा डास आता आपल्या भागापुरता राहिलेला नाही. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला, पुढे इथिओपिया आणि आफ्रिकेतल्या इतर देशांत. आफ्रिकेत हिवताप बराचसा खेड्यांचा आजार होता. शहरी टाक्यांत वाढणाऱ्या या डासामुळे तिथल्या मोठ्या शहरांना नवा धोका उभा राहिलाय. मुंबईचा अनुभव तिथेही उपयोगी पडू शकेल, तेव्हा चाळीच्या विहिरीवरच्या जाळीचे फोटो असतील तर इथे टाकाल का? बिजागरीचं दार किती मोठं, जाळीची वीण किती बारीक आणि चौकट काठाला कशी बसवलीय, एवढं नीट दिसेल असे घ्या.